बडोद्यात उतरल्यावर विद्यापीठ कसे गाठावे

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी दर वर्षी जून-जुलैमध्ये मुंबई-पुण्याकडून, खानदेशातून आणि इंदूर-देवासकडून मुले येतात. त्यांतली दोन-तीन तरी कोणा ना कोणाच्या ओळखीने पहिल्या रात्रीपुरती आमच्या दांडिया बाजारातल्या घरी उतरतात. त्यांच्या पालकांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्टेशनपासून युनिव्हर्सिटी किती लांब आहे हो?" शहरातला कोणीही त्यावर "अहो, समोरच आहे" असे सांगेल. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि नवख्या मुलाचा पहिला दिवस त्या अपुरेपणामुळेच वाया जातो.

माझा भाचा जळगावहून आला तेव्हा हेच घडले. त्याला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मूळ कागदपत्रे दाखवायची होती आणि "स्टेशनसमोरच आहे" असे मीच त्याला सांगून ठेवले होते. सकाळी गाडीतून उतरल्यावर त्याने रिक्षावाल्याला फक्त "युनिव्हर्सिटी" एवढे सांगितले. त्या भल्या माणसाने त्याला सरळ फतेहगंजाकडे, विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयापाशी नेऊन सोडले. एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या हातात कागदपत्रांची फाईल घेऊन तो तासभर या इमारतीतून त्या इमारतीत विचारत फिरला. आपल्याला नदीपलीकडे कलाभवनात, म्हणजे अभियांत्रिकीच्या फॅकल्टीत जायचे आहे, हे त्याला एका पहारेकऱ्याकडून कळले. तो तिथे पोहोचला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि रांगेत त्याच्यापुढे साठ-सत्तर मुले होती. कलाभवन आमच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. मी त्याला फॅकल्टीचे नाव विचारले असते, तर त्याची ती सकाळ वाचली असती. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट विचारते: पत्रावर फॅकल्टी कोणती लिहिली आहे?

विद्यापीठ एकाच आवारात का नाही, हे समजून घेतले तर रस्ता लक्षात ठेवणे सोपे जाते. हे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, पण त्याच्या हाती आलेल्या संस्था त्याहून कितीतरी जुन्या होत्या. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झाले; पुढे श्री अरविंद तिथेच शिकवत होते. संगीतज्ञ मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा १८८६ मध्ये उभी राहिली. हातांनी करायच्या विद्या शिकवणारे कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढले, आणि दादासाहेब फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. यांतली प्रत्येक संस्था ज्या जागी जन्मली त्या जागीच राहिली. बडोदा कॉलेजची आर्ट्स फॅकल्टी झाली, कलाभवनाची टेक्नॉलॉजी अँड इंजिनियरिंग फॅकल्टी झाली, संगीतशाळेची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली. नाव एक झाले, पत्ते मात्र वेगळेच राहिले.

म्हणून निघण्यापूर्वी डोळ्यांसमोर शहराचा एक ढोबळ नकाशा आणावा. बडोद्यातून उत्तर-दक्षिण अशा दोन रेघा जातात. पश्चिमेची रेघ रेल्वेची आणि तिच्या पूर्वेची रेघ विश्वामित्री नदीची. रेल्वेच्या पश्चिमेला अलकापुरी आहे. रेल्वे आणि नदी यांच्यामधल्या पट्ट्यात सयाजीगंज, प्रतापगंज आणि फतेहगंज येतात. "समोरच आहे" असे लोक ज्याला म्हणतात तो विद्यापीठाचा मोठा भाग याच पट्ट्यात आहे: आर्ट्स, सायन्स आणि कॉमर्स या फॅकल्ट्या, हंसा मेहता ग्रंथालय, मुख्य कार्यालय, मुलांची वसतिगृहे आणि पुष्पबागेतली फाईन आर्ट्स. नदीच्या पूर्वेला जुने शहर आहे. तिथे राजमहाल रोडवर कलाभवन, सूरसागर तलावापाशी परफॉर्मिंग आर्ट्स आणि सयाजी हॉस्पिटलला लागून आनंदपुऱ्यात मेडिकल कॉलेज आहे. विमानतळही पूर्वेलाच, पण शहराच्या बाहेरच्या अंगाला हरणीला आहे. आपले ठिकाण नदीच्या अलीकडे की पलीकडे, एवढे ठाऊक असले की बाकीच्या गोष्टी आपोआप जुळतात.

उतरायचे स्थानक

तिकीट काढताना स्थानकाचे नाव "वडोदरा जंक्शन" आहे ना, हे पाहावे. त्याचा संकेत बी.आर.सी. असा आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की शहराच्या अवतीभोवती रेल्वेची आणखीही स्थानके आहेत आणि अर्धवट झोपेतल्या प्रवाशाला ती फसवतात. सुरतेकडून येणारी गाडी बडोद्याला पोहोचण्यापूर्वी मकरपुरा आणि विश्वामित्री ही स्थानके ओलांडते. यांतले विश्वामित्री मुख्य स्थानकापासून इतके जवळ आहे, की तिथे गाडीचा वेग मंदावला किंवा सिग्नलला ती थांबली, तर डब्यातले लोक सामान उचलून दाराशी येतात. त्यांच्या पाठोपाठ उतरू नये. फलाटावरचा फलक वाचावा. डभोई-एकतानगरच्या मार्गावरचे प्रतापनगर हेही शहरातलेच स्थानक आहे, पण मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या प्रवाशाचा त्याच्याशी संबंध येत नाही.

इंदूर, उज्जैन, रतलामकडून येणाऱ्यांनी मात्र छायापुरी हे नाव नीट लक्षात ठेवावे. रतलामकडून येणारा आणि अहमदाबादहून येणारा असे दोन्ही लोहमार्ग बडोद्यात उत्तरेकडूनच शिरतात. त्यामुळे रतलामहून अहमदाबादला जाणारी गाडी मुख्य स्थानकात आणली, तर इंजिन दुसऱ्या टोकाला लावून तिला उलट फिरवावे लागते. तो वेळ वाचवण्यासाठी अशा काही गाड्या मुख्य स्थानकात न येता छाणीकडच्या छायापुरी स्थानकावर थांबून परस्पर पुढे जातात. तिकिटावर छायापुरी असेल तर बिघडत नाही, पण तिथून विद्यापीठापर्यंत रिक्षाने यायचे आहे हे आधीच धरून चालावे, आणि घ्यायला येणाऱ्या नातेवाइकाला स्थानकाचे नाव स्पष्ट सांगावे. इंदूर-मुंबई अवंतिका एक्स्प्रेस मात्र वडोदरा जंक्शनवरूनच जाते.

मुंबई सेंट्रलपासून बडोदे ३९२ किलोमीटरवर आहे आणि जलद गाडीला साधारण पाच-सहा तास लागतात. पुण्याच्या गाड्या कल्याण-वसईमार्गे वळून येत असल्याने त्यांना बराच अधिक वेळ लागतो. खानदेशातली मुले भुसावळ-जळगाव-नंदुरबारमार्गे सुरतेला येऊन पुढे येतात. त्या मार्गावरची नवजीवन एक्स्प्रेस जुनी आणि सोयीची आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या सर्वांना एक खूण उपयोगी पडेल. भरूचजवळ गाडी नर्मदेचा लांबलचक पूल ओलांडते आणि शेजारी जुना लोखंडी गोल्डन ब्रिज दिसतो. तिथून बडोदे सुमारे सत्तर किलोमीटर, म्हणजे गाडीच्या वेगाप्रमाणे पाऊण ते एक तासावर असते. पूल गेला की अंथरूण गुंडाळावे, चार्जर काढून घ्यावा आणि बाकाखालचे सामान पुढे ओढून ठेवावे. रात्रीच्या वेळी पुलावर चाकांचा आवाज बदलतो. झोपमोड झाली तरी त्या आवाजावर उठावे.

कोणत्या बाजूने बाहेर पडावे

स्थानकाला दोन तोंडे आहेत. एक नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडले की आपण पूर्वेला, सयाजीगंजात येतो. शेवटच्या फलाटाकडून बाहेर पडले की पश्चिमेला, अलकापुरीत. विद्यापीठाच्या कोणत्याही फॅकल्टीला जायचे असले तरी एक नंबरचीच बाजू धरावी. गाडी कोणत्याही फलाटाला लागो, पादचारी पुलावर चढल्यावर गर्दी ज्या दिशेने जाईल त्या दिशेने न जाता एक नंबरच्या फलाटाचा बाण पाहावा. बरीचशी गर्दी अलकापुरीकडे उतरते, आणि तिच्याबरोबर आपणही उतरलो तर रेल्वेमार्ग पुन्हा ओलांडून यावे लागते. तो ओलांडण्याचा जवळचा रस्ता म्हणजे अलकापुरीचे गरनाळे, अर्थात रुळांखालून जाणारा बोगदा. पावसाळ्यात पहिले पाणी तिथेच साचते, आणि मग वाहनांना जेतलपूर पुलाने किंवा शास्त्री पुलाने लांबचा वळसा घ्यावा लागतो.

मोबाईलवरून टॅक्सी किंवा रिक्षा बोलावणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी. नकाशावरची खूण पुष्कळदा रुळांच्या मधोमध पडते आणि चालक आपल्या सोयीच्या बाजूला येऊन उभा राहतो. त्यामुळे गाडी बोलावण्यापूर्वी खूण हाताने सरकवून सयाजीगंजाच्या बाजूला आणावी आणि चालकाचा फोन आला की "एक नंबर, सयाजीगंज साईड" हे शब्द उच्चारावेत. फलाटावर असतानाच गाडी बोलावण्याची घाई करू नये. बाहेर येऊन, सामान खाली ठेवून मग बोलवावी.

एसटीचा मोठा डेपो स्थानकाला लागूनच आहे. नाशिक-धुळ्याकडून बसने येणाऱ्यांनाही त्यामुळे पुढचा सगळा मजकूर तसाच लागू पडतो. खासगी बसने येणाऱ्यांचे तसे नाही. त्या बसगाड्या पुष्कळदा शहरात न शिरता महामार्गावरच्या कपुराई चोकडी किंवा गोल्डन चोकडी अशा नाक्यांवर प्रवासी उतरवतात. ही ठिकाणे शहराच्या पूर्वेला आहेत आणि पहाटे तिथे ताटकळणे मुलामुलींच्या दृष्टीने बरे नाही. तिकीट घेतानाच बस शहरात कुठवर जाते हे विचारून घ्यावे.

पायी जाण्याजोगे

आर्ट्स, सायन्स किंवा कॉमर्सला जायचे असेल आणि सामान पाठीवरच्या एका पिशवीपुरते असेल, तर रिक्षा करू नये. हे मी पैसे वाचवण्यासाठी सांगत नाही. पहिल्यांदा पायी गेलेला रस्ता कायमचा पाठ होतो आणि पुढची तीन-चार वर्षे हाच रस्ता रोजचा असतो. स्थानकाच्या मुख्य दारातून बाहेर पडल्यावर रिक्षांचा गराडा ओलांडून समोरचा मोठा रस्ता गाठावा आणि पूर्वेकडे चालत राहावे. एक किलोमीटरच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत आर्ट्स फॅकल्टीचा घुमट दिसतो. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो पाहून त्याचीच आठवण होते. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने ही इमारत घडवली. लक्ष्मीविलास राजवाड्याचे अपुरे राहिलेले कामही त्यानेच पुढे पूर्ण केले होते. मी या इमारतीत शिकले आहे. भर उन्हातून आत शिरल्यावर घुमटाखालचा गारवा आणि आपल्याच पावलांचा वर जाऊन परत येणारा आवाज आजही माझ्या लक्षात आहे. तुमचे काम दुसऱ्या फॅकल्टीत असले तरी वेळ काढून ते एकदा अनुभवावे.

याच रस्त्याने पुढे गेल्यावर काळा घोडा येतो. सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला बडोदेकर याच नावाने ओळखतात आणि पुतळ्याभोवतीच्या चौकालाही तेच नाव पडले आहे. शेजारीच सयाजीबागेचे दार आहे. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात, तेव्हा ही दोन नावे एकाच बागेची आहेत हे ध्यानात असू द्यावे. काळा घोडा ही सर्वांत खात्रीची खूण आहे. वाट चुकली असे वाटले, तर कोणालाही "काळा घोडा कुठे?" एवढे विचारून तिथवर यावे आणि तिथून नव्याने सुरुवात करावी. पूर्वेला पूल ओलांडला की आपण नदीपलीकडे जातो आणि मेडिकल कॉलेज व सयाजी हॉस्पिटल जवळ येते. मागे वळून उत्तर धरली की प्रतापगंज, ग्रंथालय आणि फतेहगंज.

वसतिगृहांना इथे "हॉल" म्हणतात आणि त्यांची नावे बहुधा आद्याक्षरांनीच घेतली जातात. प्रतापगंजातल्या डी. एन. हॉलचे मैदान सगळ्यांना माहीत असते, म्हणून आसपासच्या हॉलला जाणाऱ्याने "डी. एन. हॉल ग्राउंड" सांगावे आणि तिथून पुढे विचारत जावे. ट्रंक, गादी, बादली असा संसार बरोबर असेल, तर इथे मात्र रिक्षाच करावी. पहिल्याच दिवशी खोली हातात येईल असे धरू नये. एक-दोन रात्रींची सोय शहरात आधीच करून ठेवावी.

रिक्षा करताना

नदीपलीकडच्या फॅकल्ट्यांना स्थानकापासून दोन ते तीन किलोमीटरचे अंतर पडते. त्यासाठी सिटी बस आहे, तिचे स्थानक रेल्वे स्थानकाच्या बाहेरच आहे, आणि रस्ते ओळखीचे झाले की ती स्वस्त पडते. पहिल्या दिवशी मात्र कागदपत्रे घेऊन ठरलेल्या वेळी पोहोचायचे असल्याने रिक्षा बरी.

रिक्षेचे दोन प्रकार आहेत. जिच्यात चालक वाटेत आणखी प्रवासी घेतो ती "शटल". आपल्या एकट्यासाठी केलेली ती "स्पेशल". स्थानकाबाहेर कोणी मोठ्याने ठिकाणांची नावे घेत उभा असेल, तर तो बहुधा शटलवाला असतो. शटल स्वस्त असते, पण ती तिच्या ठरलेल्या रस्त्यानेच जाते आणि आपल्याला फॅकल्टीच्या दारात न सोडता जवळच्या चौकात सोडते. बसण्यापूर्वी मीटरने येणार का ते विचारावे. नकार मिळाला तर भाडे ठरवावे आणि ठरलेला आकडा एकदा मोठ्याने परत म्हणावा. स्थानकाच्या अगदी दाराशी उभ्या असलेल्या रिक्षांपेक्षा शंभर पावले पुढे रस्त्यावर मिळणारी रिक्षा बहुतेक वेळा वाजवी पैशांत येते.

हिंदी सर्वांना कळते. तरीही गुजरातीतली चार वाक्ये पाठ करून यावीत, कारण त्यांनी समोरच्या माणसाचा सूर बदलतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे. "भाई, कलाभवन जवुं छे" म्हणजे कलाभवनाला जायचे आहे. "मीटरथी आवशो?" म्हणजे मीटरने याल का. "केटला थशे?" म्हणजे किती होतील. "अहीं ज ऊभी राखजो" म्हणजे इथेच थांबवा. चालकाला "भाई" म्हणावे, वयस्क असेल तर "काका". मुलींना तो "बेन" म्हणेल, आणि त्यात आदरच असतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी "टेक्नो" हा शब्द लक्षात ठेवावा. टेक्नॉलॉजी फॅकल्टीला सगळे बडोदे याच नावाने ओळखते. "टेक्नो, कलाभवन" असे जोडून सांगितले की चुकण्याची शक्यता उरत नाही. परफॉर्मिंग आर्ट्ससाठी "सूरसागर, म्युझिक कॉलेज" सांगावे आणि मेडिकलसाठी "सयाजी हॉस्पिटल". पॉलिटेक्निकच्या मुलांनी मात्र नदी ओलांडू नये. ती संस्था अलीकडेच, शास्त्री पुलाजवळ आहे. यांपैकी कोठेही जाताना नुसते "युनिव्हर्सिटी" म्हणू नये.

बसवरच्या पाट्या गुजरातीत असतात. गुजराती लिपी म्हणजे पुष्कळशी शिरोरेखा नसलेली आपलीच लिपी, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला ती दोन-चार दिवसांत लागते. घोटाळा होतो तो आकड्यांत. गुजराती पाच हा आकडा आपल्या "प" अक्षरासारखा दिसतो, आणि बसचा क्रमांक वाचताना नवीन माणूस तिथे हमखास अडखळतो.

जुन्या शहरात पोहोचल्यावर भाषेची अडचण जवळजवळ संपते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दुकानातल्या वडीलधाऱ्या माणसाला मराठीतून पत्ता विचारला, तर तो पुष्कळदा मराठीतूनच सांगेल, आणि गाव कोणते, आडनाव काय, हेही विचारेल. कलाभवनातले काम आटोपल्यावर जवळपास कुठेही शेव-उसळ खावी. तिखट तर्री सोसत असेल तरच वरून आणखी मागावी.

रात्री-अपरात्री पोहोचल्यास

मुंबईहून रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान सुटणाऱ्या गाड्या बडोद्याला मध्यरात्रीनंतर दोन ते पाचच्या सुमारास पोहोचतात. अशा वेळी शहरात जाण्याची घाई करू नये. स्थानकावर प्रतीक्षालय आहे. तिकीट जपून ठेवावे, कारण तिथे ते विचारतात. उजाडेपर्यंत तिथेच बसावे, तोंड धुवावे, चहा घ्यावा. जड सामान क्लोकरूममध्ये ठेवता येते. त्यासाठी तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असावे लागते. बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. एक लहान कुलूप घरूनच आणावे. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारकार्ड यांची फाईल मात्र क्लोकरूममध्ये ठेवू नये. ती सतत आपल्याजवळ असावी. माझ्या ओळखीच्या एका मुलीने फाईल बॅगेत, बॅग क्लोकरूममध्ये आणि पावती वडिलांच्या खिशात ठेवली. वडील नाश्त्याला बाहेर गेले होते, आणि तिचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हते.

विमानाने येणाऱ्यांसाठी

बडोद्याचा विमानतळ शहराच्या ईशान्येला हरणीला आहे, त्याचा संकेत बी.डी.क्यू. असा आहे, आणि नव्या टर्मिनलचे उद्घाटन २०१६ मध्ये झाले. विमानतळ लहान असल्याने सामान घेऊन बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. तिथून रेल्वे स्थानकाचा परिसर सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि गर्दीच्या मानाने वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. बाहेर टॅक्सी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. मोबाईलवरूनही बोलावता येतात.

इथे नदीचा हिशेब उलटा होतो. विमानतळ पूर्वेला असल्यामुळे कलाभवन, मेडिकल किंवा परफॉर्मिंग आर्ट्सला जाणाऱ्याला नदी ओलांडावीच लागत नाही. कारेलीबागेतून जुन्या शहरात उतरणारा रस्ता धरावा. त्यांनी आधी स्थानकावर जाऊन मग फॅकल्टीला जाण्याचे ठरवले, तर नदी दोनदा ओलांडणे होते. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स, फाईन आर्ट्स आणि वसतिगृहांच्या मुलांना मात्र नदी ओलांडून फतेहगंज किंवा काळ्या घोड्याच्या बाजूला यावे लागते.

बडोद्याचे विमान सोयीच्या वेळी नसेल, तर अहमदाबादला उतरून येणारेही पुष्कळ असतात. अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्गाची लांबी ९३ किलोमीटर आहे, आणि दोन्हीकडचा शहरातला रस्ता धरून दोन ते अडीच तास मोजावेत. अहमदाबादहून भागीदारीत येणाऱ्या टॅक्सी सहसा अमितनगर सर्कलला सोडतात, आणि अमितनगरही नदीच्या पूर्वेलाच, कारेलीबागेच्या बाजूला आहे. म्हणून वर विमानतळासाठी सांगितलेला हिशेब तिथेही तसाच लागू होतो. अहमदाबादहून रेल्वेने आल्यास मात्र थेट मुख्य स्थानकात उतरता येते, आणि आर्ट्स किंवा सायन्सच्या मुलांना तेच अधिक सोयीचे.

पावसाळ्यातली खबरदारी

प्रवेशाचे दिवस आणि पावसाचे दिवस एकच असल्याने हे सविस्तर सांगणे भाग आहे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या रद्द झाल्या आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली नेला. नदीची पातळी शहरात पडणाऱ्या पावसावरच अवलंबून नसते. आजवा सरोवरातून सोडलेले पाणीही विश्वामित्रीतच येते, त्यामुळे शहरात ऊन पडलेले असताना नदी चढत असल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. बातम्यांत काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी मोजलेली पातळी फुटांत सांगतात. ती झपाट्याने वाढत असेल, तर पूल वाहतुकीला बंद होऊ शकतात, आणि मग स्थानकावर उतरलेला मुलगा नदीपलीकडच्या कलाभवनापर्यंत पोहोचू शकत नाही. अशा दिवशी निघण्यापूर्वी बडोद्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन करावा आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तारीख बदलली आहे का ते पाहावे. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालावीत. नदीत मगरी आहेत आणि पुराबरोबर त्या वस्तीत शिरतात, म्हणून पाणी पाहायला काठावर जाऊ नये आणि साचलेल्या पाण्यातून पायी वाट काढू नये.

नवरात्रात संध्याकाळी सातनंतर गरब्याच्या गर्दीमुळे रस्ते अडतात. त्या दिवसांत गाडी सकाळी पोहोचणारी निवडावी.

बडोद्यात विद्यापीठे आता अनेक झाली आहेत, हेही शेवटी सांगायला हवे. गती शक्ती विश्वविद्यालय लालबागेत आहे, नवरचना पश्चिमेला भायलीकडे, आणि पारुल विद्यापीठ वाघोडिया रस्त्यावर लिमडा गावी, शहराच्या बरेच बाहेर. पारुलला जाणाऱ्याने स्थानकावरून रिक्षा न करता वाघोडियाकडे जाणारी बस डेपोतून विचारून घ्यावी. नवरचनाला जाणाऱ्याने मात्र अलकापुरीच्याच बाजूने बाहेर पडावे, कारण त्याचा रस्ता पश्चिमेला जातो.

परतीच्या गाडीसाठी कलाभवनाहून किंवा सूरसागराहून निघताना गाडीच्या वेळेच्या तासभर आधी रिक्षेत बसावे. संध्याकाळी काळ्या घोड्याच्या पुलावर वाहनांची रांग लागते आणि तीन किलोमीटरला अर्धा तास सहज जातो. आर्ट्सच्या मुलांनी मात्र निवांत चालत यावे.